मॉडेलमधली खोली

तापटरावांचा राग लिफ्टनं चढायचा आणि जिन्यानं उतरायचा. चढताना मध्ये कुठल्या मजल्यावर थांबणं नाही. उतरताना मात्र प्रत्येक वळणावर दम खाणार, कठड्याला टेकणार, आणि अर्ध्यावर काहीतरी आठवलं की पुन्हा वर जाणार. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. धंद्यातले लोक, शेजारी, सासुरवाडी, सगळ्यांनी मिळून त्यांना तापटराव करून टाकलं होतं. ‘मला तापटराव का म्हणता?’ यावरही ते एकदा तापले होते. त्यानंतर नाव पक्कंच झालं.

राग यायला धंदाही तसाच मिळाला होता. ऑफिसांच्या उंच इमारती बांधायच्या आधी त्या कशा दिसतील हे दाखवायला छोटी मॉडेलं करतात, ती ते करायचे. तळमजल्यावरच्या घराला लागून एक लांबट खोली. तिच्यात दोन टेबलं, प्लॅस्टिकचे पत्रे कापायचं यंत्र, चिमटे, ब्रश, चटकन धरणाऱ्या गोंदाच्या नळ्या, आणि डब्यांतून भरून ठेवलेली माणसं. ही माणसं तांदळाच्या दाण्याएवढी. तयार मिळायची, पण सगळी एकजात उभी नाहीतर चालणारी, हातात बॅग घेतलेली. बसलेलं माणूस हवं असेल तर स्वतः तारेतून वळवून करावं लागायचं.

शहरातले सगळे टॉवर कधी ना कधी त्या टेबलावर उभे राहिले होते, आणि सगळे तापटरावांच्या खांद्याखालीच. ज्या इमारतीकडे बघून इतरांची मान अवघडायची, तिच्या गच्चीवरची धूळ हे गृहस्थ तोंडानं फुंकून उडवायचे. त्यामुळे टॉवर या प्रकाराबद्दल आदर असा त्यांना कधी वाटलाच नाही. मतं मात्र भरपूर होती, आणि कुणी विचारायच्या आत ती बाहेर पडायची.

शहरात तीन टॉवरांचं नाव मोठं. तिघांनाही तापटरावांनी आपल्या घरची नावं दिली होती. पहिला ‘पिळा’. त्याचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा किंचित फिरवलेला, त्यामुळे अख्खी इमारत ओला टॉवेल पिळल्यासारखी दिसते. “बाहेरून बघणाऱ्याची चंगळ,” तापटराव म्हणायचे, “आणि आत बसणाऱ्याचं कपाट आयुष्यात कधी भिंतीला लागत नाही.” दुसरं ‘गाठोडं’. खाली निमुळतं, वर रुंद. त्याच्या वरच्या मजल्यांवर मोठमोठ्या बागा दाखवल्या होत्या. मॉडेलसाठी तापटरावांनी हिरव्या स्पंजची झाडं केली. इमारत उभी राहिल्यावर वर प्लॅस्टिकची झाडं आली. “माझी झाडं निदान पाणी तरी शोषत होती!” हे वाक्य त्यांनी त्या इमारतीसमोरून बस गेली की प्रत्येक वेळी बसमध्ये मोठ्यानं म्हटलं होतं.

आणि तिसरा, सगळ्यांत नवा आणि सगळ्यांत उंच, तो ‘आरसा’. वरपासून खालपर्यंत नुसती चकचकीत काच. बाहेरून बघाल तर आभाळ दिसतं, ढग दिसतात, समोरची इमारत दिसते. आत काय चाललंय ते सोडून सगळं दिसतं. “आधी काच लावायची, उजेड यावा म्हणून,” तापटराव बोटं मोडत सांगायचे. “मग पडदे ओढायचे, ऊन येतं म्हणून. मग दिवे लावायचे, अंधार झाला म्हणून. आणि वर पाटी लावायची, की ही इमारत वीज वाचवते!”

त्यांची बायको या टॉवरांना आतून ओळखायची. ती सफाईच्या कामावर सुपरवायझर होती. आधी पिळ्यात, मग गाठोड्यात, आणि हल्लीच आरशात तिची बदली झाली होती. हाताखालच्या बायका तिला ताई म्हणायच्या. ताईंना राग येत नसे अशातला भाग नाही. पण घरात एकच लिफ्ट आणि ती कायम नवऱ्यानं अडवलेली, म्हणून त्या आपला राग गुंडाळून ठेवायच्या आणि थट्टेवर निभावून न्यायच्या.

संध्याकाळी चहाच्या वेळी दोघांची टॉवरांवरून जुंपायची. तो बाहेरून आत शिरायचा, ती आतून बाहेर यायची.

“पिळ्यातले कोपरे आठवले तरी कंबर दुखते,” ताई म्हणायच्या. “एक कोपरा सरळ असेल तर शपथ. झाडूसुद्धा वाकडा करून घालावा लागायचा.”

“मग गाठोडं बरं?”

“गाठोड्यात काळी कुळकुळीत फरशी. पुसून पाठ वळवली की पाऊल उमटलं. कुणी निवडली असेल हो ती? त्याच्या बायकोनं घरात बसवून दिली असती का?”

“आणि आरशात?”

“आरशात दिवे फार हुशार. माणूस हललं नाही की विझतात. परवा माझ्या हाताखालची ती म्हातारी मावशी बाथरूमात होती, तर आत मिट्ट काळोख. बिचारी बसल्या बसल्या दोन्ही हात हलवत होती, जशी कुणाला निरोप देतेय.”

तापटराव हसले. राग नसला की ते खळखळून हसायचे. तेवढ्यासाठी तर ताईंनी त्यांना इतकी वर्षं सहन केलं होतं. हसता हसताच ते म्हणाले, “पण आरशात तुमची सोय झकास आहे बरं का. तुमची खोली मी स्वतः केलीय.”

“कुठली खोली?”

“कुठली म्हणजे? सफाईवाल्यांची. बसायची, डबा खायची. मधल्या मजल्यावर, पश्चिमेची खिडकी. टेबल, बाकं, हात धुवायचं बेसिन. मॉडेलमध्ये सगळं घातलंय मी. किटलीसुद्धा!”

ताईंनी कप खाली ठेवला. “अशी काही खोली नाही तिथे.”

“ड्रॉइंगमध्ये होती.”

“ड्रॉइंगमध्ये असेल. आम्ही जिन्यात जेवतो.”

“कुठल्या जिन्यात?”

“आग लागली तर पळायचा असतो ना, त्या. एकेका पायरीवर एकेक. वर्गाचा फोटो काढायला बसवतात तशा. खिडकी नाही, पंखा नाही. कुणी वर शिंकलं तर तळघरापर्यंत ऐकू येतं.”

लिफ्ट सुटली. तळपायाची आग निघाली ती थेट मस्तकात जाऊन थांबली.

“मी केली होती ती खोली! या हातांनी! चिमट्यात धरून बाकं चिकटवली होती मी तिच्यात! चोर आहेत लेकाचे! अख्खी खोली खाल्ली!”

“अहो, शेजारी...”

“शेजाऱ्यांनाही कळू दे! माझं मॉडेल लॉबीत ठेवलंय काचेच्या पेटीत, त्यात ती खोली आहे, दिवा लावून दाखवलीय, आणि खरी खोली नाही? म्हणजे मी खोटारडा ठरलो की!”

ताई म्हणाल्या, “खोटारडे तुम्ही ठरलात, आणि पायरीवर आम्ही बसलो. चहा गार होतोय.”

तो राग उतरायच्या आतच आरशाच्या मॅनेजरचा फोन आला. हा मॅनेजर बोलायला असा, की त्याच्या वाक्यावरून माशीसुद्धा घसरावी. ताईंच्या हाताखालच्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं होतं गुळगुळीत. एक बडी कंपनी मोठी जागा भाड्यानं घेणार होती. पिळा, गाठोडं आणि आरसा, तिन्ही बघून त्यांतला एक निवडणार होती. इमारत बांधताना आत बरेच बदल झाले होते, मॉडेल जुन्या ड्रॉइंगचं होतं, ते दुरुस्त करून हवं होतं.

तापटराव गेले. लॉबीत त्यांचं मॉडेल मधोमध उभं होतं, भोवती दगडाचा गोल कट्टा, त्यावर कधी कुणी बसल्याची खूण नाही. मॉडेलची एक बाजू वरपासून खालपर्यंत उभी कापल्यासारखी उघडी होती, म्हणजे मजल्या-मजल्यावर आत काय आहे ते दिसावं. मधल्या मजल्यावर ती खोली. दिवा लागलेला.

“ही खोली कुठेय?” तापटरावांनी नमस्काराआधीच विचारलं.

“ती ना, काका... ती जरा फेरनियोजनात गेली.”

“कुठे गेली?”

“म्हणजे आहे. खोली आहे. वापर बदललाय.”

“दाखवा.”

गुळगुळीतनं आढेवेढे घेतले, पण तापटरावांचा आवाज लॉबीत घुमायला लागला होता आणि लॉबीत आवाज घुमलेला त्याला चालत नसे. दोघं वर गेले. वर जाणाऱ्या लिफ्टला आत बटणंच नव्हती. कुठे जायचं ते बाहेरच्या पडद्यावर सांगायचं आणि मग लिफ्ट नेईल तिकडे गपचूप जायचं. तापटरावांना तोही अपमानच वाटला. मधल्या मजल्यावर एक दार. गुळगुळीतनं किल्ली लावली, दार ढकललं, ते अर्धवटच उघडलं. आत खुर्च्या होत्या. घडीच्या, सोनेरी पायांच्या, गादी लावलेल्या. एकीवर एक, छतापर्यंत. पश्चिमेची खिडकी खुर्च्यांच्या पायांतून कशीबशी डोकावत होती.

तापटरावांनी त्या ढिगावरून खालपासून वरपर्यंत नजर फिरवली. त्यांना ओळखणारं कुणी असतं तर एव्हाना दोन पावलं मागे सरलं असतं.

“खुर्च्या,” ते म्हणाले.

“हो ना. वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम असला की लागतात.”

“कधी असतो कार्यक्रम?”

“अजून झालेला नाही.”

“म्हणजे बसायची खोली तुम्ही खुर्च्यांनी भरलीत, आणि बसणाऱ्यांना जिन्यात पाठवलंत? अहो, डोकं आहे की गोदाम? ज्या खुर्चीवर अजून कुणाचं बूड टेकलेलं नाही तिला खिडकी पाहिजे, पश्चिमेचं ऊन पाहिजे, आणि सकाळपासून वाकून वाकून पाठ मोडलेल्या बाईला सिमेंटची पायरी?”

गुळगुळीत हसला. त्याला हसण्याचाच पगार होता. “काका, हे माझ्या हातात नाही. तुम्ही एवढंच करा, मॉडेलमधून ती खोली काढा. त्या कंपनीच्या मॅडम बारकाईनं बघतात म्हणे. आपल्याला काही खोटं दाखवायचं नाही. इमारत जशी आहे तशी दाखवा.”

“जशी आहे तशी?”

“अगदी तशीच.”

तापटराव खाली आले तेव्हा त्यांचा राग वरच्याच मजल्यावर होता, पण त्याला आता काम मिळालं होतं.

मॉडेल घरी आलं. ताईंना त्यांनी ‘किरकोळ दुरुस्ती आहे’ एवढंच सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी खोलीतली बाकं काढली, टेबल काढलं, किटली चिमट्यानं उपटली. मग केसाएवढ्या तारेच्या खुर्च्या करून खोली छतापर्यंत भरली. पायांना सोनेरी रंगसुद्धा दिला. मग त्या पळायच्या जिन्याची भिंत कापून काढली आणि तिथे स्वच्छ प्लॅस्टिक बसवलं. आणि मग पायऱ्यांवर बायका बसवल्या. तारेतून वळवलेल्या, निळ्या गणवेशाच्या, मांडीवर कणीएवढा डबा घेतलेल्या. एक म्हातारी, पाय लांब केलेली, ती मावशी. सगळ्यांत वरच्या पायरीवर, राणीसारखी, अंबाडा घातलेली एक. ती कोण हे सांगायला नको. दात-ओठ खात माणूस इतकं नाजूक काम करू शकतो यावर कुणाचा विश्वास बसला नसता. खोकला आला की ते तोंड फिरवून खोकायचे, आणि खोकून झालं की बिल्डराला एक शिवी.

मॉडेल लॉबीत परत पोचलं ते कंपनीचे लोक आले त्याच दिवशी, त्यामुळे गुळगुळीतला ते नीट बघायलाही उसंत मिळाली नव्हती. आधी त्यानं पाहुण्यांना काचेचे गुण सांगितले, मग लिफ्टचे, मग हुशार दिव्यांचे. मॅडम चष्मा वर करून मॉडेलच्या उघड्या बाजूवर वाकल्या.

“या कोण बसल्यात जिन्यात?”

गुळगुळीतनं वाकून बघितलं. त्याचा चेहरा एकदाच, आयुष्यात एकदाच, खडबडीत झाला. मग तो म्हणाला, “ती... आपत्कालीन कवायत दाखवलीय, मॅडम.”

“डबे घेऊन?”

काचा पुसायच्या निमित्तानं शेजारी उभ्या असलेल्या ताईंनी हे सगळं ऐकलं. मॅडमच्या बरोबरचे लोक हसले. पण मॅडम हसल्या नाहीत. “जिना मोकळा नको का? आग लागली तर लोक उतरणार कुठून?” एवढं म्हणून त्या पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या दारावर कागद लागला. सुरक्षिततेच्या कारणासाठी जिन्यात बसण्यास सक्त मनाई. खाली एक रखवालदारही उभा केला. खोलीबद्दल कागदावर अवाक्षर नव्हतं. बायकांनी त्या दिवशी डबा कचऱ्याच्या लिफ्टशेजारी उभ्यानं खाल्ला. मावशीनं तर खाल्लाच नाही. उभं राहून तिला घास गिळवत नव्हता.

ताई घरी आल्या त्या चपला न काढताच टेबलापाशी गेल्या. तापटराव खुशीत होते. “काय मग? कसं तोंड झालं त्याचं?”

“आमची बसायची जागा गेली.”

“काय?”

त्यांनी कागदाचं सांगितलं, रखवालदाराचं सांगितलं, मावशीचं सांगितलं. आवाज चढला नाही. तापटरावांना चढलेल्या आवाजाची सवय होती, स्वतःच्या. या आवाजाचं काय करायचं ते त्यांना कळेना.

“अगं पण, जे खरं आहे तेच दाखवलं मी. त्यानंच सांगितलं...”

“खरं दाखवायचं होतं, की त्याचं तोंड बघायचं होतं?”

तापटरावांनी टेबलावरचा तारेचा तुकडा उगाचच बोटाला गुंडाळला.

“मला विचारलंत? एका शब्दानं? आमचा जिना, आमचे डबे, आमची पोटं. नेऊन लॉबीत मांडलीत. ओळखलं असतं त्यानं एकेकीला, तर? उद्या मावशीला घरी बसवलं तर तिला तुम्ही पोसणार? आणि मला वरच्या पायरीवर बसवलंत. का?”

“तू त्यांची मोठी म्हणून.”

“मी वर बसत नाही. सगळ्यांत खाली बसते. दारापाशी. दार उघडलं तर आधी मला कळावं, आणि बाकीच्यांना डबे झाकायला वेळ मिळावा. जसं आहे तसं म्हणे!”

तापटरावांची लिफ्ट तळघरात गेली. जरा वेळानं त्यांनी नेहमीचा उपाय काढला. “मी उद्या जातो. त्या गुळगुळीताची गचांडीच धरतो.”

“तुम्ही यायचं नाही,” ताई म्हणाल्या. “आरशाच्या आत पाऊल टाकायचं नाही. तुमचा राग घरी ठेवा. मला माझा पुरेसा आहे.”

सकाळी गुळगुळीतचा फोन आला. आवाज पूर्ववत झाला होता. “काका, मॉडेलमधल्या त्या बायका काढायला या. आता जिन्यात कुणी बसत नाही, म्हणजे मॉडेल चुकीचं झालं ना?”

तापटरावांनी फोन भिंतीवर फेकायला उचलला, फोन आपलाच आहे हे आठवून खाली ठेवला, आणि पायात चपला सरकवल्या. आत पाऊल टाकायचं नाही, असं ती म्हणाली होती. बाहेर उभं राहायचं नाही, असं म्हणाली नव्हती.

जेवणाच्या वेळेला ते आरशासमोर पोचले. काचेला नाक लावलं. आत काही दिसेना. दिसला तो एक लालबुंद चेहऱ्याचा म्हातारा, केस विस्कटलेले, डोळे वटारलेले. हातानं डोळ्यांवर आडोसा केला, तर त्या म्हाताऱ्यानंही केला. “असल्या काचा लावणाऱ्याच्या...” म्हणून ते फिरत्या दारात शिरले. दाराच्या आतल्या अंगाला पोचेपर्यंत त्यांना ताईंची ताकीद आठवली. मागे वळायला जागा नव्हती, म्हणून दार फिरलं तसे तेही फिरले आणि पुन्हा रस्त्यावर आले. पण तेवढ्यात त्यांना जे दिसायचं ते दिसलं होतं.

लॉबीच्या मधोमध, मॉडेलभोवतीच्या दगडी कट्ट्यावर, निळ्या गणवेशातल्या सगळ्या बायका गोल बसल्या होत्या आणि डबे सोडत होत्या.

तापटराव पुन्हा दारात शिरले. दुसऱ्या फेरीत गुळगुळीत दिसला, ताईंच्या पुढे वाकलेला. दार पुढे सरकताना कानावर तुकडा पडला. “ताई, इथे बसता येणार नाही.”

ताईंचा आवाज. “मग कुठे बसता येईल?”

बाहेर. रस्ता. गाड्या. पुन्हा आत.

“तळघरात पंपाशेजारी एक कोपरा...”

“पंपाला विचारलंत का? त्याला आमची अडचण होईल.” हे मावशी, तोंडात घास असताना.

बाहेर. एक ऑफिसातला माणूस दारात शिरायला थांबला होता, त्याला तापटरावांनी ‘थांबा हो जरा’ म्हणून मागे सारलं. पुन्हा आत. आता लिफ्टांतून उतरलेली माणसं थबकली होती. ती आधी मॉडेलकडे बघत होती, पायरीवरच्या निळ्या ठिपक्यांकडे, आणि मग कट्ट्यावरच्या बायकांकडे. एकजण बोट लावून दाखवत होता. लॉबीत रोज फवारतात त्या अत्तराचा वास कुठल्या कुठे गेला होता. सगळीकडे जेवणाचा वास भरून राहिला होता.

दारावरच्या रखवालदारानं शेवटी दाराचा दांडा धरला. “काका, आत की बाहेर?”

“दोन्ही नाही! सोड तो दांडा!”

त्या फेरीत गुळगुळीत कट्ट्याशी उकिडवा बसला होता, हात जोडून. “ताई, ऐका ना. ती कंपनी परत यायचीय. त्यांनी अजून ठरवलेलं नाही. गाठोडंवाले त्यांना दुप्पट पार्किंग देतायत. असं लॉबीत बसलेलं दिसलं तर...”

“दिसू दे की,” ताई म्हणाल्या. “त्यांनाही जेवायला बसायचंच असेल कुठेतरी. ती मधल्या मजल्यावरची खोली द्या, आम्ही इथून उठतो.”

“तिच्यात खुर्च्या आहेत हो!”

“माहितीय. आम्हाला खुर्च्या चालतात.”

कट्ट्यावर हशा पिकला. बघ्यांतलेही हसले. गुळगुळीत तेवढा हसला नाही. त्याला पगार होता तरी. ताईंनी मान वळवली, आणि फिरत्या दाराच्या काचेत अडकलेला आपला नवरा त्यांना दिसला. त्यांनी एकदाच डोळे मोठे केले. तापटराव दारासकट बाहेर गेले ते परत आत आले नाहीत.

पुढचे काही दिवस हेच चाललं. बायका जेवणाच्या वेळी उतरायच्या, कट्ट्यावर बसायच्या, कट्टा पुसून उठायच्या. सफाई त्यांचीच असल्यामुळे ‘घाण करता’ असंही कुणाला म्हणता येईना. तापटराव घरी येरझारा घालायचे, संध्याकाळी दार उघडायच्या आधीच ‘काय झालं?’ विचारायचे, आणि ताई ‘बसलो’ एवढंच उत्तर द्यायच्या. त्या अजून त्यांच्याशी नीट बोलत नव्हत्या. चहा मिळायचा, पण टॉवरांवरची जुगलबंदी बंद होती. इतकी सामसूम त्यांनी मॉडेलमधल्या तारेच्या माणसांतही कधी सोसली नव्हती. एकदा त्यांनी विचारलं, “मी खालच्या पायरीवर हलवू का तुला? मॉडेलमध्ये?”

“मी जिन्यात नाहीच आता,” ताई म्हणाल्या. “काही हलवू नका.”

कंपनीची माणसं परत यायच्या आदल्या दिवशी सकाळी मधल्या मजल्यावरून खुर्च्या हलल्या. त्या कुठे गेल्या कुणाला ठाऊक. कुठलीतरी दुसरी खोली त्यांनी खाल्ली असणार. थोड्या मावशीनं दारातच अडवून ठेवून घेतल्या. टेबल आलं नाही, किटली आली नाही. गुळगुळीतनं किल्ली ताईंच्या हातात ठेवली आणि ‘कायमची नाही हं, सध्यापुरती’ असं म्हणून घेतलं. ताईंनी किल्ली खिशात टाकली. मॅडमनी शेवटी कुठला टॉवर घेतला ते या बायकांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी तापटरावांचा फोन वाजला. ताई. कामावरून त्या कधीच फोन करत नसत. तापटरावांच्या हातातला चिमटा खाली पडला.

“काय झालं? परत काढलं? येऊ का मी?”

“खिडकी उघडत नाही,” ताई म्हणाल्या. मागून बायकांची कलकल ऐकू येत होती, खुर्च्या ओढल्याचे आवाज.

“कुठली खिडकी?”

“आमच्या खोलीची. पश्चिमेची. दुपारचं ऊन थेट तोंडावर येतंय, आणि वरून एसीचा झोत मावशीच्या टाळूवर. तोंड भाजतंय, डोकं गारठतंय. कसली खोली केलीत हो?”

“मी? मी केली? मी मॉडेल केलं! एवढ्या उंचीवर खिडक्या उघडत नाहीत, सगळ्या आरशात एक खिडकी उघडत नाही, बांधलंच तसं मूर्खासारखं! खरी इमारत मी नाही बांधली!”

“इतके दिवस तर ‘मी केली, या हातांनी केली’ म्हणून ओरडत होतात.”

“अगं, त्या मॅनेजरला सांग!”

“सांगितलं. तो म्हणाला, ड्रॉइंगमध्येच बंद आहे. म्हणून तुम्हाला फोन केला. हे ड्रॉइंग काढणाऱ्याचं ऑफिस कुठेय?”

“आर्किटेक्टचं? गाठोड्यात. वरच्या मजल्यावर, त्या प्लॅस्टिकच्या झाडांच्या शेजारी. का?”

“पत्ता लिहून ठेवा. उद्या आम्ही सगळ्या जाऊन त्याच्याकडे बसणार आहोत.”

तापटरावांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. “डबे घेऊन?”

“मग काय उपाशी?” ताई म्हणाल्या. “आणि तुम्हीही या. तिथे ओरडायला कुणीतरी लागेल.”